डब्यातले खिळे

लोंढ्याकडची पॅसेंजर शिट्टी देऊन गेली
की थ्री फेज येतो.
तोवर मी पात्याचे दात तपासतो
बोटानेच. डोळ्यांना आता धार दिसत नाही,
पण अंगठ्याला कळतं कुठला दात खोटं बोलतोय.

खानापुरातल्या या मिलीत सव्वीस वर्षं
माझ्या हातात कानस.
किंदळ घशात बसतो, रात्री खोकल्यातून उठतो.
आम्ही ऐन म्हणतो, ट्रॉलीवरचा इराप्पा मत्ती म्हणतो,
पातं दोन्ही नावांनी बोथटतं.
सागाचं काही म्हणणं नसतं, तेल सोडत सरळ जातो.
शिसव आली की मालक स्वतः येऊन उभा.
मापं मराठीत पडतात, थट्टा कन्नडात,
पावती इंग्रजीत,
शिव्या ज्याच्या त्याच्या आईकडून आलेल्या.

मला लाकडाचं काही वाटत नाही.
मी भितो लोखंडाला.
झाड गिळतं.
कुणी झोपाळ्याची कडी ठोकतो, कुणी म्हशीची साखळी,
कुणी अमावस्येला लिंबू टोचून शेजाऱ्याचं नाव.
कुंपणाची तार. डुकरावर झाडलेले छर्रे.
एका आंब्यात तर बिजागरी निघाली,
दार कुठे गेलं देव जाणे.
साल वरून हात फिरवते आणि विसरून जाते.
लक्षात ठेवायचं काम पात्याकडे.

मागच्या शिमग्यानंतर कक्केरीहून एक बाई आली,
गंगव्वा, ट्रॅक्टरमधून फणसाचा ओंडका घेऊन.
लेकीच्या घराला चौकटी हव्या होत्या.
बसा म्हटलं तरी बसेना,
सोयरीक ठरताना उभं राहावं तशी उभी.

तिसऱ्या फळीला तो आवाज झाला.
कसा, ते सांगता येत नाही.
इराप्पा जमिनीवर आडवा, जोतिबाने खटका पाडला,
पातं तुटून भिंतीला लोंबायला लागलं
आणि आमच्या डोक्यांवर, पापण्यांवर
फणसाचा भुसा, हळदीइतका पिवळा.

फळीत बोटभर खिळा.
भोवतालचं लाकूड शाई सांडल्यासारखं काळंनिळं.
बाई म्हणाली, मामंजींचा असणार.
खळ्यावर रास पडली की कंदील टांगायचे ते इथेच.
मालक म्हणाला, पात्याचे सात हजार.

ती पदराच्या गाठीकडे नाही,
रचलेल्या दोन फळ्यांकडे बघत होती.

मी तुटकं टोक हातात घेतलं.
जोडापासून चार बोटं लांब तुटलेलं,
स्वच्छ, चमकणारं, त्याच सकाळचं.
जुन्या चिरेला गंज असतो,
हे मिलीतल्या कुत्र्यालाही ठाऊक.
ते टोक मी तेलाच्या चिंधीत गुंडाळलं
आणि म्हटलं, आधीच चीर होती, कालच सांगणार होतो.
मग तिच्याकडे वळून, माझ्या मोडक्या कन्नडात,
मोदले सीळित्तु, अव्वा.

मालकाने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.
चिंधी सोड म्हणाला नाही.
म्हणाला, रवळू, मग तुझ्या पगारातून कापू?
मी म्हटलं, अर्धे कापा.
कापले, तीन महिन्यांत.
माणूस वाईट नाही,
पातं त्याने काही झाडावरून तोडून आणलेलं नव्हतं.

बाईने जाताना भुशाची दोन पोती मागितली, चुलीला.
पोती आम्ही चढवून दिली.
खिळा तिने मागितला नाही.
मीही पुढे केला नाही, का ते माहीत नाही.

बिस्किटाच्या डब्यात सगळे एकत्र आहेत.
डबा हलवला की प्रत्येकाचा वेगळा आवाज येतो,
कडीचा, छर्ऱ्यांचा, त्या बिजागरीचा.
हा एकटा वाजत नाही.
त्याला अजून थोडा फणस चिकटलाय.
कानशीने एका मिनिटात निघेल.

गाडीला आज उशीर आहे.